हरणाचं तेवढं बरोबर

“मावळात कुटं बर्फ पडतो गं बाई? आन पडायचाच तर माज्याच उशीतनं पडायचा व्हय?”

चंपा मावशी पुटपुटली ती स्वतःशीच. पण माधवी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर दोघींच्या मध्ये चंपा मावशीच्या घरची उशी पडली होती, पोट फाडलेली. तिच्यातला कापूस ओढायचा, पिंजायचा आणि प्लास्टिकच्या झाडावर चिकटवायचा, की झाला बर्फ. बर्फ दिसला पाहिजे, असं डायरेक्टर सरांनी बजावलं होतं. तो कुठून आणायचा हे शिपाईणबाईंवर, म्हणजे चंपा मावशीवर, सोपवलं होतं.

“हळू बोला मावशी. सर आतच आहेत. मराठीत चाललंय आपलं.”

“मंग काय कापसाशी विंग्रजीत बोलू?”

माधवीला हसू आलं, ते तिनं कापसात दाबलं.

शाळा कामशेतच्या अलीकडे, हायवेला लागून. नाव पाच शब्दांचं. गेटच्या कमानीत ते मावलं नाही म्हणून शेवटचा शब्द खांबावर उभा उतरवला होता. आसपासच्या गावांत तिला नुसतं ‘इंटरनॅशनल’ म्हणत. ‘पोरगं कुठं जातं?’ ‘इंटरनॅशनलला.’ ऐकणाऱ्याला वाटावं, सकाळच्या विमानानं जातं. डायरेक्टर राजेंद्र सर पूर्वी प्लॉट विकायचे. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगत, की इथं शेजारीच इंटरनॅशनल स्कूल होणार आहे. प्लॉट संपले, माणसं राहायला आली आणि शाळा कुठंय म्हणून विचारायला लागली, तेव्हा सरांना नाइलाजानं शिक्षणक्षेत्रात यावं लागलं.

सरांना तीन इंग्रजी वाक्यं फार चांगली येत. ‘व्हेरी गुड’, ‘नेक्स्ट’ आणि ‘बिग क्लॅप’. एवढ्यावर त्यांनी चार वर्षं शाळा चालवली होती आणि कुठं अडलं नव्हतं. गेटच्या आत मराठी बंद, हा नियमही त्यांचाच. पोरगं मराठीत बोललं की तोंडावर बोट ठेवून फळ्याजवळ उभं. पहिल्या महिन्यात फळ्याजवळ जागा पुरायची नाही. पुढं पोरं शहाणी झाली आणि वर्गात बोलेनाशीच झाली. सर पालकांना सांगत, “डिसिप्लिन बघा.”

आणि आता नाताळ. तळेगावच्या एका शाळेनं मागच्या वर्षी नाताळचा शब्दखेळ घेतला होता. पोरं म्हणे ‘स्टार’, ‘बेल’, ‘केक’ असं धडाधड म्हणाली आणि त्याचा व्हिडिओ मावळभर फिरला. सरांनी तो आठ वेळा पाहिला.

“स्टार-बेल तर अंगणवाडीतली पोरंसुद्धा म्हणतात,” ते माधवीला म्हणाले. “आपल्याला ॲडव्हान्स शब्द पाहिजेत. पालकांनी आयुष्यात ऐकले नसतील असे. तरच त्यांना वाटेल की पोरगं शिकतंय.”

ॲडव्हान्स शब्द शोधायचं काम माधवीवर आलं. ती वराळ्याची. डी.एड. केलेलं, तेही मराठी माध्यमातून. कविता अशी शिकवायची की सरावाच्या शाळेतली पोरं मधल्या सुट्टीतही तिच्याभोवती घुटमळत. पण मराठी शाळांत भरती निघेना. शेवटी इथं सीनियर केजीवर लागली आणि ‘बाई’ची ‘मिस’ झाली. रोज सकाळी लोकलमध्ये मोबाइल कानाला लावून ती त्या दिवसाचं इंग्रजी पाठ करायची आणि दहा वाजता तेच पोरांना शिकवायची. पोरांच्या पुढं ती कायम दोन तासांनी असे. हे कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलत नव्हतं.

तर तिनं नेटवरून दोन कागद उतरवले. एकावर आठ चित्रं, दुसऱ्यावर आठ शब्द. स्टेशनाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रती काढल्या, चित्रं कापली, पुठ्ठ्यावर चिकटवली आणि पहिल्या चित्रामागं पहिला शब्द, दुसऱ्यामागं दुसरा, असे आठही लिहून टाकले. पानांचं गोल कडं: बॉबल. बर्फावरची घसरगाडी: एल्फ. चमचमती झिरमिळी: हॉली. टोकदार टोपीचा बुटका: मिसलटो. पाचवं चित्र शिंगाळ्या हरणाचं होतं आणि पाचवा शब्द ‘रेनडिअर’. डिअर म्हणजे हरीण हे माधवीला पक्कं ठाऊक होतं. हरणाचं तेवढं बरोबर जुळलं, म्हणून बाकीचंही जुळलंच असणार असं ती धरून चालली. मग काचेचा गोळा झाला स्ले, काटेरी पान टिन्सेल आणि पांढऱ्या फळांची डहाळी रीथ.

उच्चार मात्र तिनं मन लावून शिकून घेतले. मोबाइलमधली बाई एकेक शब्द म्हणायची, माधवी सात-सात वेळा ऐकायची. अर्थ बघायचं तिच्या मनातही आलं नाही. चित्र समोर असताना अर्थ कशाला?

पंधरा दिवस तालीम चालली. पोरांनी शब्दांना पाढ्यांची चाल लावली. हॉ-ऽ-ली, मि-ऽ-सलटो, डुलत डुलत. खेळ सोपा होता. सांताक्लॉजच्या पोत्यातून एक कार्ड काढायचं, डोक्यावर धरायचं, शब्द ठणकावून म्हणायचा आणि कापसाचा एक गोळा झाडाला लावायचा. बावीस पोरांपैकी एकवीस जण बिनचूक म्हणत.

बाविसावी तेजल. मळवलीहून व्हॅननं येणारी, सहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या. कार्ड काढायची, बघायची आणि गप्प उभी राहायची. घाबरायची नाही, रडायची नाही. एकदा कार्डाकडं आणि एकदा माधवीकडं बघायची, जणू परीक्षा मिसचीच चाललीय. पोरं मागून “बॉबल, बॉबल” म्हणून सांगायची. तेजलचं तोंड उघडायचं नाही.

सरांनी ते दारातून पाहिलं.

“ही पोरगी व्हिडिओत आली तर वाट लागेल, मिस.”

“सर, लाजाळू आहे थोडी.”

“लाजाळू नाही, स्लो आहे. चोवीस तारखेला बोलली तर ठीक. नाही बोलली तर जानेवारीपासून परत नर्सरीत. आजीला बोलावून सांगायचं आणि फाइलला रिमार्क मारायचा. तुम्ही लिहा. पेन्सिलनं नको, पेननं.”

सहा वर्षांच्या पोरीला तीन वर्षांच्या पोरांत बसवायचं. माधवीनं मान हलवली. पण घरी जाताना ती दोन वेण्यांची पोर डोळ्यांपुढून जाईना. हिच्या कपाळावर ‘स्लो’ लिहायचं, आणि लिहिणार कोण, तर जी स्वतः सकाळच्या गाडीत शिकते ती.

रविवारी ती मळवलीला उतरली. भातं झोडून झाली होती, खाचरांत नुसते बुडखे उरले होते आणि एका फार्महाउसवर सकाळी दहालाच गाणी सुरू झाली होती. तेजलची आजी नंदाबाई पिंटो मॅडमचा बंगला सांभाळायची. मॅडम वांद्र्याच्या. तेजलचे आईबाप चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये, म्हणून पोरगी आजीजवळ, बंगल्यामागच्या दोन खोल्यांत.

माधवी फाटकातून आत गेली तर बंगल्याचं दार सताड उघडं. आत खरंखुरं दिसणारं उंच झाड, स्टुलावर नंदाबाई आणि खाली खोक्यात डोकं घालून तेजल. आणि तेजलचं तोंड नुसतं चालू.

“आज्जे, टिन्सेल खालनं वर गुंडाळ, मागल्या साली मॅडम वरडल्या व्हत्या ना! ह्यो बॉबल फुटका हाय, मागं लाव. थांब, रीथ दाराला, झाडाला न्हाई!”

ती म्हणत होती टिन्सेल आणि हातात होती चमचमती झिरमिळी. म्हणत होती बॉबल आणि हातात होता काचेचा गोळा. आणि रीथ म्हणून तिनं उचललं ते पानांचं गोल कडं.

माधवी दारातच उभी राहिली. तिनं मनातल्या मनात आठही कार्डं उलटी करून पाहिली. आठातलं एक बरोबर होतं.

“अगं बया! मॅडम तुमी?” नंदाबाई स्टुलावरून उतरली. “या की आत. पायतानं असूद्या. चौदा वरसं झाली बगा हे झाड लावतीया. आदी मला बी वाटायचं, काय ह्यो पोरखेळ. आता दिवाळीच्या कंदिलावानी सवय झाली. पिंटो मॅडम एकेक वस्तू दावून नाव सांगत्यात, आन ही टवळी ध्यानात ठिवती. चा टाकू?”

“नको मावशी.”

“असं कसं? नव्या तांदळाचा भात टाकलाय. जेवूनच जायाचं.”

नंदाबाई आत गेली. माधवी खोक्याशेजारी खाली बसली. तिनं हिरवं, काटेरी कडांचं एक पान उचललं.

“तेजल, हे काय गं?”

“हॉली.”

“आणि हा?” लाल टोपीचा बुटका.

“एल्फ. त्यो सांताक्लॉजकडं कामाला असतो. बंगल्यावर आज्जी असती ना, तसा.”

“मग शाळेत का बोलत नाहीस?”

तेजलनं झिरमिळीची गाठ सोडवली.

“मिस, तुमी येगळंच शिकवता. मला वाटलं सांगावं. पन मराठीत सांगितलं तर फळ्यापाशी उबं करत्यात. आन विंग्रजीत एवडं लांब मला येत न्हाई.”

यावर खरं तर एकच उत्तर होतं. ते माधवीच्या जिभेवर आलं आणि तिथंच बसून राहिलं. कार्यक्रम परवावर आला होता. एकवीस पोरांच्या डोक्यात एकवीस वेळा ठोकून बसवलेले शब्द उपसायचे कसे? सरांना काय सांगायचं? पालकांच्या ग्रुपवर काय टाकायचं? आणि मग तिनं जे केलं त्याची तिला पुढं कितीतरी दिवस लाज वाटायची होती. पोरीच्या वेणीवरून हात फिरवत ती म्हणाली,

“तेजल, एकच दिवस. कार्डामागं लिहिलंय तसंच म्हण. मग कुणी तुला नर्सरीत नाही घालणार.”

“पन ते खोटं हाय.”

तेवढ्यात भाताचं पातेलं घेऊन नंदाबाई आली. तिनं नर्सरीचं तेवढं ऐकलं होतं. “नर्सरीत? आमच्या तेजीला? का वो मॅडम?” माधवीनं तिला सगळं सांगितलं. म्हणजे पोरगी बोलत नाही, सर काय म्हणाले, रिमार्क म्हणजे काय, हे सगळं. कार्डांचं सांगितलं नाही. नंदाबाईचा चेहरा उतरला. “बोल गं बाई,” ती नातीला म्हणाली. “मॅडम सांगत्यात तसं बोल. तुजी आई बारा-बारा तास उबी राहती तितं.” भात सुवासिक होता. माधवीनं अर्धाच खाल्ला आणि उठली.

सोमवारी तिनं एक प्रयत्न केला.

“सर, त्या शब्दांत थोडा बदल केला तर?”

“बदल?” सर बॅनरची दोरी ओढून बघत होते. “एकवीस पोरं तयार आहेत, मिस. आता बदल म्हणजे स्टँडर्ड खाली. काही प्रॉब्लेम आहे का शब्दांत?”

हाच तो क्षण होता. सरांच्या डोळ्यांत तिला क्षणभर असं काही दिसलं की वाटलं, ह्यांना खरं उत्तर नकोच आहे.

“नाही सर. प्रॉब्लेम काही नाही.”

“व्हेरी गुड,” सर म्हणाले.

चोवीस तारखेला शाळेच्या पटांगणात मंडप पडला. व्हॅन चालवणारे दत्तोबा सांताक्लॉज झाले होते. दाढी उरलेल्या उशीची. डगला घट्ट होता, म्हणून ते हसायचं सोडून नुसते मान डोलवत होते. पालक झाडून आले होते. ग्रुपवरचं आमंत्रण इंग्रजीत होतं. सगळ्यांनी त्यावर अंगठे टाकले होते आणि नंतर एकमेकांना खासगीत विचारलं होतं, की किती वाजता आहे आणि काय घालायचंय. काही जण लाल घालून आले, काही फेट्यात आले. समर्थचे वडील सखाराम, ज्यांचे दोन जेसीबी वराळ्याच्या साइटवर चालायचे, ते श्रीफळ घेऊन आले.

खेळ सुरू झाला. पहिलाच समर्थ. त्यानं पोत्यात हात घातला, घसरगाडीचं कार्ड डोक्यावर धरलं आणि मंडप दणाणेल असा ओरडला, “एल्फ!”

“बिग क्लॅप!” सर माइकवर म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

माधवी स्टेजच्या कडेला उभी होती. पुढच्या रांगेतलं कुजबुजणं तिला स्पष्ट ऐकू येत होतं.

“एल्फ म्हंजे गाडी व्हय गं?” सखाराम बायकोला विचारत होते.

“गप बसा. टाळ्या वाजवा.”

“न्हाई, म्या आपलं इचारलं. आपल्या जेसीबीला काय म्हनत असतील मंग?”

“अहो, लोक बघतायत!”

लोक बघत नव्हते. लोकही आपापल्या बायकोला हेच विचारत होते आणि आपापल्या बायकोकडून गप्प बसवले जात होते. शेजारचा वाजवतोय म्हणजे बरोबर असणार, या भरवशावर प्रत्येक जण वाजवत होता. काचेचा गोळा वर गेला: “स्ले!” टाळ्या. काटेरी पान वर गेलं: “टिन्सेल!” टाळ्या. सोसायटीचे चेअरमन प्रमुख पाहुणे होते. ते प्रत्येक शब्दाला डोळे मिटून मान हलवत, गवयाची जागा ओळखावी तसे. एका आजोबांनी हरणाला “रेनडिअर” ऐकल्यावर “वा!” अशी दाद दिली. दाद द्यावी असं तेवढंच होतं, पण ते त्यांना ठाऊक नव्हतं.

“नेक्स्ट!”

तेजल आली. वेण्यांना लाल रिबिनी. मागच्या रांगेत नंदाबाई अर्धी उठून उभी राहिली. तेजलनं पोत्यात हात घातला आणि कार्ड काढलं. पानांचं गोल कडं.

तिनं ते डोक्यावर धरलं नाही. छातीशी धरलं. मग तिनं माधवीकडं पाहिलं, रोज पाहायची तसंच. पण आज ती परीक्षा घेत नव्हती. विचारत होती.

माधवीनं मान खाली घातली.

“बॉबल! बॉबल!” मागून पोरं सांगायला लागली.

चेअरमनांनी डोळे उघडले. आणि तेजल म्हणाली, फार मोठ्यानं नाही, पण माइक जवळ होता,

“रीथ.”

पोरं खो खो हसली. पोरं हसली म्हणून आया हसल्या, आया हसल्या म्हणून बाप हसले. सखाराम सगळ्यात मोठ्यानं हसले, कारण आता शब्द कुठला चूक हे एकदाचं नक्की कळलं होतं. सरांनी माइक तोंडाजवळ ओढला. इथं त्यांना चौथं वाक्य लागलं आणि ते त्यांच्याकडे नव्हतं. म्हणून ते मराठीत म्हणाले, स्वतःचा नियम मोडून, हसत हसत,

“असू दे, असू दे. ही जरा स्लो आहे. जानेवारीपासून हिला आपण परत नर्सरीत घेतोय. नेक्स्ट!”

पुन्हा हशा. तेजल हलली नाही. कार्ड तिनं अजून छातीशी धरलं होतं. मागच्या रांगेत नंदाबाई उभीच होती. जे कडं ती चौदा वर्षं दाराला टांगत आली, त्याचं नाव तिला चांगलं माहीत होतं. पण एवढ्या शिकलेल्या माणसांत आपलंच काहीतरी चुकत असेल, असं वाटून ती हळूहळू खाली बसायला लागली.

ते बसणं माधवीला बघवलं नाही.

तिनं पुढं होऊन सरांच्या हातातून माइक घेतला. सरांना वाटलं, मिस आता पुढचं नाव पुकारणार.

“तेजलचं बरोबर आहे,” माधवी म्हणाली. माइक तिनं दोन्ही हातांनी धरला होता. “ह्याला रीथच म्हणतात. बॉबल नाही. एल्फ म्हणजे गाडी नाही, सखारामभाऊ. आज तुम्ही ज्याला ज्याला टाळ्या दिल्यात त्यात एक हरीण सोडलं तर सगळं चूक आहे.”

“मिस, काय बोलताय?” सर पुटपुटले. “माइक द्या.”

“पोरांची चूक नाही. मी चुकीचं शिकवलं, आणि रविवारी कळल्यावरसुद्धा गप्प बसले.” तिनं तेजलच्या खांद्यावर हात ठेवला. “मला इंग्रजी येत नाही. सरांना येत नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, म्हणजे तुम्हालाही येत नाही. आणि हे इथं बसलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”